मदुराईच्या सुलतानांची नाणी: वाचायची कशी, ओळखायची कशी

कुफी_कट्टा
दिल्ली, बहमनी, निजामशाही यांच्या नाण्यांवर धागे भरपूर निघतात. मदुराईच्या सल्तनतीकडे मात्र कुणी वळत नाही. जेमतेम ४५ वर्षांचं राज्य, बहुतेक नाणी तांब्याची, त्यामुळे लिलावात आली तरी 'दिल्ली सल्तनत, किरकोळ' अशा ढिगात पडून राहतात. तिथून ती वेगळी काढता यावीत एवढ्यासाठी हा धागा.

थोडक्यात इतिहास. मुहम्मद तुघलकाच्या काळात माबर (म्हणजे तमिळ किनारा आणि मदुराई) हा दिल्लीचा सुभा होता. तिथला अधिकारी सय्यद जलालुद्दीन अहसन याने हिजरी ७३५ च्या सुमारास (१३३४-३५) बंड करून स्वतःच्या नावाने नाणी पाडली. मुहम्मद तुघलक फौज घेऊन निघाला, पण वारंगळला साथ पसरली आणि तो परत फिरला. परतताना बीडजवळ त्याचा एक दात पडला आणि तो त्याने समारंभपूर्वक पुरला. बीडजवळची दाताची कबर ती हीच. पुढे त्याने पैठणला उपचार घेतले. माबर परत दिल्लीकडे आलं नाही ते नाहीच.

सुलतानांचा क्रम असा (सालं हिजरी). जलालुद्दीन अहसनशाह. त्याच्यानंतर अलाउद्दीन उदौजी (७४०). (नाव वाचून उदाजी पवार आठवले तरी संबंध शून्य.) मग त्याचा जावई कुत्बुद्दीन फिरोज, तो ४० दिवसांत मारला गेला. मग गियासुद्दीन मुहम्मद दामगानशाह, ७४५ पर्यंत. त्याचा पुतण्या नासिरुद्दीन महमूद गाझी दामगानशाह, ७४५ पासून. इथे १२ वर्षांचं भगदाड आहे. ७५७ मध्ये शमसुद्दीन आदिलशाह उगवतो, ७६१ ते ७७० फखरुद्दीन मुबारकशाह, आणि ७७४ ते ७७९ अलाउद्दीन सिकंदरशाह. खेळ खलास.

यातले पहिले पाच इब्न बतूताच्या प्रवासवर्णनात भेटतात. शेवटचे तीन मात्र जवळजवळ निव्वळ नाण्यांवर उभे आहेत. नाणी हाती आली नसती तर ही यादी नासिरुद्दीनपाशीच संपली असती. म्हणून तारीख नीट वाचण्याला इथे इतर घराण्यांपेक्षा जास्त किंमत आहे.

वैगईकाठ
उत्तम धागा. इब्न बतूताचा संदर्भ आला आहे तर थोडी भर. त्याची एक बायको हूरनसब ही अहसनशाहचीच मुलगी, आणि तिची बहीण गियासुद्दीनला दिलेली. म्हणजे पाहुणा घरातलाच. श्रीलंकेहून येताना जहाज फुटून तो माबरच्या किनाऱ्याला लागला तेव्हा गादीवर गियासुद्दीन होता. बल्लाळ तिसरा या होयसळ राजाला पकडून, मारून, त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते मदुराईच्या तटावर टांगलं होतं, आणि ते आपण डोळ्यांनी पाहिलं असं तो लिहितो. उदौजीचा शेवटही त्याच्याकडूनच कळतो: लढाई जिंकल्यावर पाणी प्यायला शिरस्त्राण काढलं आणि कुठून तरी बाण आला.

पण नाणेवाल्यांच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. अहसनशाहच्या नाण्यावर काय मजकूर होता तो त्याने उतरवून ठेवला आहे. एका बाजूला 'सुलालत ताहा व यासीन, अबुल फुकरा वल मसाकीन, जलालुद्दुनिया वद्दीन', म्हणजे पैगंबराचा वंशज, फकीर आणि गरिबांचा बाप. दुसऱ्या बाजूला 'अल वासिक बि ताईदिर रहमान, अहसनशाह अस सुलतान'. अहसन सय्यद होता, त्यामुळे 'ताहा व यासीन' हा दावा ओघानेच आला.

हा मजकूर मोठ्या नाण्याचा आहे, १५-१६ मिलिमीटरच्या तांब्यावर तो अख्खा मावणं शक्य नाही. विक्रेते इब्न बतूताचं हे वाक्य वर्णनात चिकटवून लहानसं नाणं विकतात. नाण्यावर प्रत्यक्ष जेवढं दिसतं तेवढंच वाचा.

हिजरीवाला
नावाबद्दल एक. दिल्लीचा इतिहासकार बरनी याच्या एलियट-डाउसनकृत भाषांतरात हा गृहस्थ 'सय्यद हसन' आहे, इब्राहिम खरीतादाराचा बाप. नाण्यावर 'अहसन' आहे, म्हणजे सुरुवातीला एक उभा अलिफ जास्त. तेव्हा नाव अहसनच लिहायचं. हा घोळ इथेच थांबत नाही: दिल्लीचाच दुसरा इतिहासकार अफीफ याने फिरोजशाह तुघलकाच्या काळात माबरच्या एका राज्यकर्त्याला 'कुर्बत हसन कांगू' म्हटलं आहे, आणि ते वाचून काही जण थेट बहमनी हसन गंगूपर्यंत उडी मारतात. अलाउद्दीन हसन बहमनशाह ७४८ मध्ये (१३४७) दौलताबादला गादीवर आला. तो वेगळा, हा वेगळा.

आता तारखा. अरबी शब्दांत तारीख असेल तर उलटा क्रम: आधी एकक, मग दशक, मग शेकडा. या घराण्याला शेकडा कायम सातशे, म्हणजे 'सबअ मिअत'. तो कापला गेला तरी बिघडत नाही. दशक शोधा: सलासीन ३०, अरबईन ४०, खमसीन ५०, सित्तीन ६०, सबईन ७०. दशक सापडलं की सुलतान जवळजवळ सापडला. ५० म्हणजे आदिलशाह, ६० म्हणजे मुबारकशाह. ४० मध्ये चौघे येतात, ७० मध्ये मुबारकशाहचं शेवटचं वर्ष आणि सिकंदर, तिथे लकब (नावाआधीची 'अमुक-उद्दीन' ही पदवी, नाण्यावर 'अमुक-उद्दुनिया वद्दीन') लागतो.

खरी ठेच एककात लागते. 'सबअ' (७) आणि 'तिसअ' (९) यांना नाण्यावर नुक्ते (अक्षरांचे ठिपके) नसतात. नुक्ते काढले की दोन्ही शब्द म्हणजे चार दातऱ्या (छोटे उभे दाते) आणि शेवटी ऐन हे अक्षर. त्यामुळे अहसनशाहचं ७३७ आणि ७३९ एकमेकांत सर्रास मिसळतात. उपाय एकच: भिंगातून दातऱ्यांची उंची बघा. उजवीकडून वाचताना पहिली दातरी उंच असेल तर तिसअ, चौथी उंच असेल तर सबअ. चारही सारख्या असतील तर '७३७ किंवा ७३९' असंच लिहा. जबरदस्तीने एक निवडू नका.

अंकांत तारीख असेल तर शून्य म्हणजे नुसता ठिपका. तो झिजला की ७४० चं नुसतं '७४' उरतं आणि लोक पुढचा अंक कल्पनेने भरतात.

इसवीत बदलायला: हिजरी गुणिले ०.९७०२२, अधिक ६२१.५८. उत्तर येतं ते त्या हिजरी वर्षाच्या सुरुवातीचं. ७३७ साठी १३३६.६३, म्हणजे ऑगस्ट १३३६ पासून पुढचं वर्ष. ७४० हे जुलै १३३९ मध्ये सुरू होतं, ७५७ जानेवारी १३५६ मध्ये, ७७९ मे १३७७ मध्ये. म्हणून '७४० = १३४०' असं एकाच आकड्यात लिहू नये, १३३९-४० लिहावं. ७५७ हा सुखद अपवाद, ते जवळजवळ पूर्ण १३५६ मध्येच बसतं.

तराजू
वाचनखूण साठवली. वजनाबद्दल लिहितो.

माप दिल्लीचंच उचललेलं आहे. दिल्लीचं मोठं नाणं टंका ९६ रत्ती म्हणजे साधारण ११ ग्रॅमला थोडं कमी, छोटं नाणं जितल ३२ रत्ती म्हणजे साधारण ३.६ ग्रॅम. मदुराईची नेहमीची छोटी नाणी या जितलाच्या आसपास घुटमळतात, झिजलेली असल्याने बहुधा थोडी खाली. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा ओळखीपुरता पुरतो. दर वेळी आधी एखादं ज्ञात वजन ठेवून काटा तपासा, कारण स्वस्त काटे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वेगवेगळं बोलतात.

आता एक गैरसमज. 'नाणं नुसतं तांब्याचं आहे की चांदीमिश्रित, हे पाण्यात वजन करून कळतं' असा सल्ला सगळीकडे दिला जातो. तत्त्व बरोबर आहे: घनता म्हणजे हवेतलं वजन भागिले (हवेतलं वजन वजा पाण्यातलं वजन). पण या आकाराच्या नाण्याला हिशेब करून बघा. शुद्ध तांब्याची घनता ८.९६. ३.५० ग्रॅमचं नाणं ०.३९१ ग्रॅम पाणी बाजूला सारतं. २० टक्के चांदी घातली की घनता ९.२३ च्या आसपास जाते आणि तेच नाणं ०.३७९ ग्रॅम पाणी सारतं. फरक ०.०१२ ग्रॅम. तुमच्या काट्याचा एक घर इकडेतिकडे झाला तरी एवढाच फरक पडतो! वर नाण्याच्या भोकांत अडकलेली हवा आणि मिश्रणातलं शिसं वेगळंच. शिशाची घनता ११.३, ते थोडं जरी असलं तरी चांदी असल्यासारखा आकडा येतो. म्हणजे ०.००१ ग्रॅमचा काटा नसेल तर या प्रयोगाच्या भानगडीत पडू नका, आणि असला तरी निकालाला 'शक्यता' एवढंच म्हणा. पक्कं उत्तर क्ष-किरण तपासणीतून मिळतं, तेही पृष्ठभागापुरतं. जुन्या चांदीमिश्र नाण्याच्या पृष्ठभागावर आतल्यापेक्षा चांदी जास्त असते, कारण वरचं तांबं आधी गंजून निघून जातं.

अलिफ_लाम
तारीख वाचता येत नसेल तेव्हा चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. त्यातल्या ज्या रोज दिसतात त्या सांगतो.

सगळ्यात मोठा सापळा अलाउद्दीनचा. या घराण्यात दोन अलाउद्दीन आहेत, पहिल्या टोकाला उदौजी आणि शेवटच्या टोकाला सिकंदरशाह. वर दिल्लीचा अलाउद्दीन खलजी, ज्याने स्वतःला नाण्यावर 'सिकंदर अस सानी' म्हणजे दुसरा सिकंदर म्हणवून घेतलं. झिजलेल्या तुकड्यावर 'अलाउद्दुनिया वद्दीन' आणि 'सिकंदर' दिसलं की विक्रेता आनंदाने 'मदुराई, दुर्मीळ' लिहितो. खलजीचं 'सिकंदर अस सानी' त्याच्या सोन्या-चांदीच्या टंक्यांवर असतं, ११ ग्रॅमच्या आसपास. त्याच्या जितलावर 'मुहम्मदशाह' असतं. तेव्हा आधी वजन, मग 'सिकंदर'च्या पुढे 'शाह' आहे का 'अस सानी', हे बघा.

दुसरा सापळा गियासुद्दीनचा. नाण्यावर एक जरी नागरी अक्षर दिसलं तरी मदुराई विसरा. दिल्लीच्या गियासुद्दीन बल्बनच्या जितलावर वर्तुळात अरबी 'बल्बन' आणि कडेने नागरीत 'श्री सुलतां गयासुदीं' असतं. मदुराईवाल्यांनी निव्वळ अरबी ठेवली.

मुबारकशाह म्हटलं की दिल्लीचा कुत्बुद्दीन मुबारक खलजी आठवायला हवा. त्याची तारीख ७१६ ते ७२०, आणि चौकोनी नाणी त्याची प्रसिद्धच आहेत. मदुराईचा मुबारक फखरुद्दीन. लकब वाचला की प्रश्न मिटतो. बंगालचा सिकंदरशाह याच काळातला आहे, पण त्याचं राज्य चांदीच्या टंक्याचं. सिकंदर लोदी तर शे-सव्वाशे वर्षांनी पुढचा, त्याची मिश्र धातूची नाणी ९ ग्रॅमच्या घरात.

थोडक्यात, या नाण्यांवर नावापेक्षा लकबाला जास्त भाव द्या. नाव चार घराण्यांत सापडतं, नाव आणि लकब यांची जोडी सहसा एकाच ठिकाणी.

वैगईकाठ
शेवटच्या सिकंदरशाहबद्दल एक शंका मांडतो. विजयनगरच्या कुमार कंपनाने मदुराई घेतली आणि श्रीरंगमची मूर्ती त्याचा अधिकारी गोपण्णा याने शके १२९३ मध्ये (१३७१-७२) परत प्रतिष्ठापित केली, हे श्रीरंगमच्या शिलालेखात आहे. मग ७७४ ते ७७९ म्हणजे १३७२ ते १३७८ ही नाणी कोण पाडत होतं? सुलतान मदुराईतच होता, विजयनगरचा ताबा अर्धवट होता, असंच ना?

हिजरीवाला
एवढी उडी नको. नाण्यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात: ७७९ पर्यंत सिकंदरशाह स्वतःला सुलतान म्हणवत होता, आणि त्याच्याकडे ठसे, कारागीर आणि तांबं होतं. तो मदुराईच्या तटाच्या आत होता हे नाण्यावरून सिद्ध होत नाही. टांकसाळ कारागिरांबरोबर हलू शकते, ठसे तर कापडात गुंडाळून नेता येतात. दुसरं, मुबारकशाहचं शेवटचं साल ७७० (१३६८-६९) आणि सिकंदरचं पहिलं ७७४. मधली चार वर्षं रिकामी आहेत आणि कंपनाच्या मोहिमेचा काळ नेमका त्यालाच लागून आहे. राजधानी गेली, वारस कुठल्या तरी भागात तग धरून राहिला, हे चित्र शिलालेख आणि नाणी दोन्हींना सांभाळून घेतं.

कुफी_कट्टा
सहमत. म्हणून सल्तनतीचा शेवट लिहिताना मी १३७८ लिहीन, आणि मदुराई शहर गेल्याचं साल वेगळं ठेवीन. दोन्ही एकाच आकड्यात कोंबले की शिलालेख तरी खोटा ठरतो नाही तर नाणी तरी. ७४५ ते ७५७ च्या भगदाडालाही हेच लागू. नाणं नाही म्हणजे सुलतान नव्हता असा अर्थ होत नाही, पण मधे एखादा सुलतान कल्पून बसवायचाही अधिकार मिळत नाही. उद्या एखाद्या ढिगातून ७५० चं नाणं निघालं तर यादी बदलेल, म्हणूनच 'किरकोळ' ढीग चाळावेत.

तांबट_आळी
साफसफाईवर कुणी बोललं नाही म्हणून.

चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट: काहीही नको. चिंचेने तांब्याचा देवघरातला कलश लखलखतो तसं नाणंही लखलखतं, आणि अक्षरांच्या कडा कायमच्या जातात. या नाण्यांवर अक्षराची उंची मुळातच केसाएवढी असते. गंजाचा गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी थर हाच अक्षर धरून असतो. तो राहू द्या.

माती काढायची तर डिस्टिल्ड वॉटर. काचेच्या वाटीत नाणं बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, आठवडाभर तरी. नळाचं पाणी नको, त्यात क्लोराइड असतं. मऊ झालेली माती बाभळीच्या काट्याने किंवा बांबूच्या काडीने भिंगाखाली काढा, लोखंडी सुई नको. काडी अक्षराच्या बाजूने चालवा, आडवी नको. ऑलिव्ह तेलात महिनाभर ठेवायचा सल्ला जुना आहे, पण तेलातली आम्लं तांबं खातात.

फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली आणि बोटाने पुसल्यावर काही दिवसांत परत आली, तर तो ब्राँझरोग. क्लोराइड आत बसलेलं असतं, हवेतला ओलावा मिळाला की परत उगवतं. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत पावसाळ्यात हे हटकून होतं. असं नाणं आधी इतरांपासून वेगळं करा. मग ५ टक्के सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या द्रावणात काही आठवडे, द्रावण अधूनमधून बदलत. नंतर डिस्टिल्ड वॉटरने भरपूर धुणं, अॅसिटोनमध्ये बुडवून सुकवणं, आणि ३ टक्के बेंझोट्रायझोल अल्कोहोलमध्ये. हे शेवटचं रसायन घातक आहे, हातमोजे आणि उघड्या खिडक्या हव्यातच. चांदीमिश्र वाटणाऱ्या नाण्यावर हे प्रयोग स्वतः करू नका, वरचा चांदीचा पापुद्रा निघाला की परत येत नाही.

ठेवायला पीव्हीसीची पाकिटं नकोत. ती काही वर्षांत चिकट होतात आणि नाण्याला वेगळाच हिरवा रंग चढवतात. मायलर किंवा साधा आम्लरहित कागद, आणि डब्यात सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की ते तापवून परत वापरा.

तराजू
वरच्या प्रतिसादाला +१. बनावट नाण्यांबद्दल दोन शब्द. ओतीव नकलेच्या कडेला शिवण असते किंवा ती कानशीने घासल्याच्या समांतर रेघा असतात. पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे गोल खड्डे, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल. पण सगळ्यात खात्रीची खूण वेगळी: दोन नाण्यांवर ठसा एकसारखा असू शकतो, पण ठसा बाजूला सरकलेला, कडेची चीर आणि झिजेची जागा हे तिन्ही एकसारखं असूच शकत नाही. तसं दिसलं तर दोन्ही नाणी एकाच साच्यातली. आणि ४० दिवसांच्या कुत्बुद्दीनच्या नावाचं नाणं कुणी दाखवलं तर आधी शंका, मग कौतुक.

कायद्याचंही लक्षात असू द्या. १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात मोडतं, ते परदेशी पाठवता येत नाही. जमिनीत सापडलेल्या ठेव्याचं मूल्य १० रुपयांहून जास्त असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहाच रुपये, हो. विकत घेताना पावती घ्या.

नवा_भिडू
फार कामाचा धागा. एक नाणं ओळखायला मदत हवी आहे. तांबं, ३.४१ ग्रॅम, व्यास १५ मिमी. एका बाजूला वर 'शाह' आणि खाली 'दामगान' वाचता येतंय, त्याच्या आधीचं नाव अर्धं कापलं गेलंय, फक्त सुरुवातीचे 'म', 'ह' आणि शेवटचा 'द' आहे. दुसऱ्या बाजूला खाली 'अद्दुनिया वद्दीन' स्पष्ट, त्याच्या वर अलिफ आणि पुढे एक अक्षर. तारीख नाही. मुहम्मद की महमूद?

अलिफ_लाम
आधी फोटो नीट काढा. काळं कापड, एकच दिवा, तो डावीकडून वरच्या बाजूला आणि नाण्याच्या पातळीपासून २०-३० अंशांवर. मग दिवा तसाच ठेवून नाणं पाव-पाव फिरवत चार फोटो. एका कोनात न दिसणारी रेघ दुसऱ्यात उठते.

आता दोन जागा बघा. पहिली 'द'. मुहम्मदमध्ये दाल आधीच्या मीमला जोडलेली असते, म्हणजे तिच्या उजवीकडून रेघ येते. महमूदमध्ये मधे वाव असतो आणि वाव पुढच्या अक्षराला जोडत नाही, त्यामुळे दाल सुटी उभी राहते.

दुसरी जागा जास्त भरवशाची: लकबातल्या अलिफच्या डावीकडे काय आहे ते. 'गियास' असेल तर तिथे सुटी, पसरट, होडीसारखी आडवी रेघ दिसेल. 'नासिर' असेल तर बदामासारखं बंद वेटोळं आणि त्यातून खाली घसरणारी शेपटी.

नवा_भिडू
फोटो चढवले आहेत. दाल जोडलेली वाटते, पण तिथे गंज आहे. अलिफच्या पुढे आडवी रेघ आहे, वेटोळं नाही. 'गाझी' कुठे दिसत नाही.

अलिफ_लाम
मग गियासुद्दीन मुहम्मद दामगानशाह. 'गाझी' नसणं हा पुरावा नव्हे, तो शब्द कापला गेलेला असू शकतो, पण होडीची रेघ तिसऱ्या फोटोत स्वच्छ आहे आणि तेवढी पुरते. दालेवरचा गंज खरवडू नका. लेबलवर लकब, नाव, ३.४१ ग्रॅम, १५ मिमी, 'तारीख कापलेली' असं लिहा, आणि काळ म्हणून त्याच्या राज्याचा पूर्ण पल्ला द्या, ७४५ पर्यंतचा. विक्रेत्याने चिठ्ठीवर '७४४' लिहिलंय म्हणून ते उतरवू नका, नाण्यावर ते कुठेही नाही.